वायरिंग डायग्राममध्ये नसलेला रिले: चालता चालता बंद पडणाऱ्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

गाडी 2004 ची. पेट्रोल, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन असलेली छोटी हॅचबॅक. एमएच-12 पासिंग, पहिल्यापासून एकच मालक. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर एकदा आणि पुढे पाच वर्षांनी पुन्हा, अशी दोनदा आरटीओत पुनर्नोंदणी झालेली. मालक म्हणजे सहकारनगरला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले काका. सर्व्हिसची प्रत्येक पावती तारीखवार फाइलला लावायची त्यांची सवय आहे, त्यामुळे गाडीचा पूर्ण इतिहास माझ्या हातात होता. असं गिऱ्हाईक मिळणं हे आमच्या धंद्यात भाग्यच. गाडीच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण दोष त्या मॉडेलचा नव्हता. त्या काळात पुण्यात विकल्या गेलेल्या कुठल्याही गाडीत तो निघू शकतो.

2025 च्या मार्चमध्ये तक्रार सुरू झाली. सकाळी गाडी कधीच बंद पडत नाही. दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी काढली की थोड्या वेळात कधीतरी इंजिन एकदम जातं. आधी झटके नाहीत, मिसिंग नाही, धूर नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास थांबलं की पहिल्याच सेल्फला चालू, जणू काही झालंच नव्हतं. एखादा आठवडा काही होत नाही, मग एकाच दिवशी दोनदा.

माझ्याकडे येण्याआधी गाडी इतर ठिकाणी फिरून आली होती. फाइलमध्ये पेट्रोल फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, टाकीतला पंप आणि शेवटी क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं टिपणारा सेन्सर), इतक्या पावत्या होत्या. यातलं कुठलंच काम अगदी बिनबुडाचं नव्हतं. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, हे ऐकलं की कुठल्याही फिटरच्या तोंडी पहिलं नाव क्रँक सेन्सरचं येतं, आणि ते बऱ्याचदा बरोबर असतं. त्या सेन्सरमधली बारीक तारेची गुंडाळी तापल्यावर आतून सुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. अडचण वेगळीच होती. प्रत्येक बदलानंतर काही दिवस गाडी नीट चालली, कारण ती तशीही मध्येमध्ये नीटच चालत होती. त्यामुळे प्रत्येक वेळी दुरुस्ती लागू पडल्यासारखी वाटली, पैसे दिले गेले, आणि नंतरच्या एखाद्या दुपारी गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहिली.

काकांचा स्वतःचा संशय पेट्रोलवर होता. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि गाडी एकवीस वर्षांची, तेव्हा शंका रास्त होती. जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात, भेगाळतात, हे खरं आहे, आणि त्या मी तपासल्याही. पण नळी गळली तर वास येतो, थेंब दिसतो. पेट्रोल कमी पडायला लागलं तर इंजिन आधी ओढ सोडतं, झटके खातं, आचके देत मरतं. उन्हात नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, हेही एकाने त्यांना सांगितलं होतं. ते स्पष्टीकरण कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो. त्या दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही.

मला घाई वाटली ती दुसऱ्याच कारणाने. बंद पडण्याच्या प्रसंगांपैकी एक नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर, नवले पुलाकडे उतरणाऱ्या बायपासवर घडला होता. त्या उतारावर किती अपघात होतात ते पुण्यात कोणाला सांगायला नको. मागे लोडेड ट्रक, शेजारी कंटेनर, आणि मधल्या लेनमध्ये इंजिन गेलेलं. अशा वेळी स्टीअरिंग जड होतं. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरताच असतो, त्यानंतर पेडल दगडासारखं घट्ट लागतं. म्हणून काकांना आणि त्यांच्या मुलीला आधी हे सांगितलं: बंद पडली तर ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. गाडी गिअरमध्येच राहू द्यायची, कारण चाकं इंजिनला फिरवत राहतात आणि थोडा व्हॅक्यूम तयार होत राहतो. किल्ली पूर्ण मागे फिरवायची नाही, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. चारही इंडिकेटर लावून डावीकडे यायचं. आणि निदान होईपर्यंत बायपासला गाडी न्यायचीच नाही.

पाना हातात घेण्याआधी

अधूनमधून येणारा दोष गॅरेजमध्ये सहसा दिसत नाही. गाडी माझ्यासमोर उभी असते तेव्हा ती निरोगी असते, आणि निरोगी गाडीवर कितीही मोजमाप केलं तरी निरोगी आकडेच येतात. बंद पडण्याच्या क्षणी गाडीत बसलेला माणूस हाच खरा साक्षीदार. त्याला नीट प्रश्न विचारायला अर्धा तास घालवला तर पुढचे बरेच तास वाचतात, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे गिऱ्हाइकाला "काय प्रॉब्लेम आहे?" एवढंच विचारून बॉनेट उघडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी काकांना विचारलं, "बंद पडली तेव्हा आरपीएमचा काटा कुठे होता?"

ते म्हणाले, "अरे, तेच तर विचित्र. गाडी चौथ्या गिअरमध्ये पळत होती आणि काटा धप्पकन शून्यावर."

"क्लच दाबला होता?"

"नाही रे, सुचायला तरी हवं ना काही!"

हे उत्तर सोन्यासारखं होतं. क्लच दाबलेला नाही, गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे, म्हणजे चाकांच्या जोरावर इंजिन फिरतच होतं. पेट्रोल तुटलं असतं तर काट्याने ते फिरणं दाखवत राहायला हवं होतं. या गाडीत काट्याला सिग्नल ईसीयूकडून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडून, येतो आणि ईसीयूला तो क्रँक सेन्सरकडून मिळतो. इंजिन फिरत असताना काटा शून्यावर पडतो, याचा अर्थ सेन्सर मेला, किंवा खुद्द ईसीयूची वीजच गेली. पंप, फिल्टर, इंजेक्टर, थ्रॉटल, पेट्रोलची प्रत हे सगळं एका उत्तराने बाजूला झालं.

मग त्यांच्या मुलीला सांगितलं की पुढच्या वेळी बंद पडली की गाडी कडेला घ्यायची, किल्ली ऑन ठेवायची आणि सेल्फ मारण्याआधी डॅशबोर्डचा मोबाइलवर फोटो काढायचा. शिवाय किल्ली बंद करून पुन्हा ऑन करायची आणि मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घूं आवाज येतो का, ते ऐकायचं.

फोटो आला तो पद्मावतीजवळून. ऑइलचा दिवा लागलेला, बॅटरीचा दिवा लागलेला, इंजिन चेकचा दिवा मात्र विझलेला. सोबत निरोप होता की पंपाचा आवाज नाही. हा दिवा एरवी किल्ली ऑन केल्यावर व्यवस्थित लागतो, त्यामुळे बल्ब गेला असण्याचा प्रश्न नव्हता. क्रँक सेन्सर मेला असता तर ईसीयू जिवंत राहिला असता, त्याने इंजिन चेकचा दिवा लावला असता आणि किल्ली ऑन करताच पंप दोन सेकंद फिरवलाही असता. इथे ईसीयू झोपला होता. ऑइल आणि बॅटरीचे दिवे चालू होते, म्हणजे बॅटरी आणि किल्लीपर्यंतची वीज जागेवर होती. किल्ली ते ईसीयू या वाटेत कुठेतरी ती अडत होती.

आधीच्या ठिकाणी लावलेल्या स्कॅनरवर दोषाचा एकही कोड नव्हता, त्याचाही अर्थ आता लागला. भारतात प्रवासी गाड्यांना ओबीडीचा (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या व्यवस्थेचा) पहिला टप्पा एप्रिल 2010 पासून आणि दुसरा एप्रिल 2013 पासून सक्तीचा झाला. 2004 च्या गाडीत स्कॅनर जोडायला कंपनीचा स्वतःचा कपलर आणि मोजकेच कोड असतात. त्यातून ज्याची वीजच कापली गेली तो ईसीयू दोष नोंदवणार कधी? स्कॅनरने "सगळं ठीक" म्हटलं तेव्हा गाडीने खोटं सांगितलं नव्हतं. प्रश्न चुकीच्या वेळी विचारला गेला होता.

दोष पकडणं

या वाटेवरचे संशयित मोजके होते: किल्लीच्या मागचा स्विच, तिथून फ्यूज बॉक्सपर्यंतची वायर, फ्यूजची पकड, मेन रिले (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच), आणि ईसीयूचं अर्थिंग. गाडी थंड असताना मल्टिमीटरने ओहम मोजून बघितले तर सगळीकडे शून्याच्या जवळ. या आकड्यावर विसंबू नये, हे हाताखालच्या मुलांना मी वारंवार सांगतो. मीटर ओहम मोजताना वायरमधून नगण्य करंट पाठवतो. जाड वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल तरी मीटर खूश असतो. त्या वायरमधून पाच-सहा अँपिअर जायला लागले की तिचं खरं रूप कळतं. म्हणून इंजिन चालू ठेवून, लोडवर, व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात ते, मोजायचा. मीटरची एक पिन स्विचच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला, दुसरी फ्यूज बॉक्सच्या टोकाला. निरोगी वायरवर हा आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवा. इथे थंड गाडीत 0.6 आला. गाडी बंद पाडण्याइतका नाही, पण ठीकही नाही.

मग दोन साधे 5 वॅटचे बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावले. एकाची वायर स्विचच्या टोकाला, दुसऱ्याची ईसीयूच्या फ्यूजला. एलईडी मुद्दाम वापरला नाही, कारण तो अर्धवट विजेवरही लकाकत राहतो आणि फसवतो. बल्ब प्रामाणिक. व्होल्ट पडले की मंद होतो आणि डोळ्यांना लगेच कळतं. जोडीला मीटर मिन-मॅक्सवर ठेवला, म्हणजे क्षणभर पडलेला आकडाही अडकून राहतो.

गाडी दुपारभर काचा बंद करून उन्हात उभी केली. एप्रिलमधलं पुणं, पारा चाळिशीला टेकलेला. बंद गाडीत डॅशबोर्डखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्यानंतर ट्रायलला निघालो, सातारा रस्त्याने कात्रज, तिथून जुन्या घाटाने वर बोगद्यापर्यंत. बायपासची वाट सोडली होती. जुन्या घाटात कडेला थांबायला जागा मिळते आणि वेग कमी असतो. चढावर इंजिन छान ओढत होतं, दोन्ही बल्ब सारखे. उतरून धनकवडीच्या बाजूला एका स्पीडब्रेकरवर मागची चाकं आपटली आणि ईसीयूचा बल्ब एकदा मिचकावला. पुढच्या स्पीडब्रेकरला तो पिवळा पडला तो पडलाच, काटा शून्यावर गेला आणि इंजिन बंद. स्विचचा बल्ब तसाच लख्ख.

कडेला घेऊन जागेवरच मोजलं. बॅटरी 12.4 व्होल्ट. स्विचचं बाहेरचं टोक 12.2. फ्यूज बॉक्सचं टोक 3 च्या आसपास. नऊ व्होल्ट एका वायरने खाल्ले होते, आणि वायरिंग डायग्रामप्रमाणे त्या दोन टोकांमध्ये एक अखंड वायर सोडून काहीच नव्हतं.

चिकटपट्टीखाली काय निघालं

स्टीअरिंगखालचं कव्हर आणि पायाकडचं पॅनेल खोललं. कंपनीच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, उन्हाने तिचा गोंद वितळून बोटांना लागत होता. आतून कंपनीच्या नसलेल्या दोन लाल वायरी बाहेर पडून पेडलच्या ब्रॅकेटमागे जात होत्या. तिथे प्लास्टिकच्या टायने लटकवलेला पाच पिनांचा रिले. त्याचा तळ तपकिरी पडून किंचित वाकलेला, एका पिनेची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची पकड) निळसर जळालेली. नाकाजवळ नेला तर जळक्या प्लास्टिकचा वास. बोटाने हलवला की डॅशबोर्डवरचा बल्ब उघडझाप करायचा.

काकांना फोन लावून विचारलं तेव्हा त्यांना आठवलं. गाडी नवी असताना ॲक्सेसरीजच्या एका दुकानातून रिमोटची सेंट्रल लॉक सिस्टीम बसवली होती, सायरनसकट. काही वर्षांनी सायरन रात्री-अपरात्री वाजायला लागला, सोसायटीत बोलाचाली झाली, आणि एका वायरमनकडून सायरन व सिस्टीमचा डबा काढून टाकला. इंजिन कट करणारा रिले मात्र जागच्या जागी राहिला, कारण तो काढला तर इग्निशनची कापलेली वायर पुन्हा जोडावी लागली असती.

ही व्यवस्था त्या वर्षांत पुण्यातल्या हजारो गाड्यांना बसवली गेली, म्हणून ती कशी चालते ते नीट समजून घ्यायला हवं. चोराने गाडी चालू करू नये म्हणून इग्निशनची मुख्य वायर मध्ये कापतात आणि दोन्ही टोकं रिलेला जोडतात. सिस्टीम लॉक केली की रिलेच्या कॉइलला वीज मिळते आणि वायर तुटते. एरवी कॉइलला वीज नसते आणि वायर नॉर्मली क्लोज्ड संपर्कातून, म्हणजे 87ए पिनेतून, जोडलेली राहते. दोष याच जागी जन्म घेतो. 87 नंबरच्या संपर्काला कॉइलचा चुंबक ओढून धरतो, त्यामुळे पकड घट्ट. 87ए ला फक्त एक छोटी स्प्रिंग धरून ठेवते. म्हणूनच अशा रिलेवर बऱ्याचदा दोन आकडे छापलेले असतात, 40 आणि 30 अँपिअर, आणि लहान आकडा या क्लोज्ड संपर्काचा असतो. कॉइल निकामी करून डबा काढला तरी हा संपर्क पुढची सगळी वर्षं प्रत्येक किलोमीटरला ईसीयू आणि इग्निशन कॉइलचा करंट वाहत राहतो.

स्प्रिंग सैल झाली, संपर्कावर काजळी धरली, की प्रतिकार वाढतो. लोडवर गरम गाडीत या रिलेवर बंद पडण्याआधी 2 व्होल्टपर्यंत ड्रॉप दिसला होता आणि वायरमधून साधारण 6 अँपिअर वाहत होते. गुणाकार केला तर 12 वॅट, आणि ही सगळी उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या संपर्कबिंदूवर. उष्णतेने स्प्रिंग आणखी नरमते, प्लास्टिकचा तळ वाकतो, पकड आणखी सुटते, आणि उष्णता वाढत जाते. त्यात डॅशबोर्डखालचा उन्हाळा आणि स्पीडब्रेकरचा दणका. थंडीत वर्षानुवर्षं चाललेला रिले मार्चमध्येच का बोलायला लागला, याचं उत्तर यात आहे. इंजिन चालू असताना ऑल्टरनेटर 14 च्या वर व्होल्ट देतो, त्यातले दोन गेले तरी ईसीयूला बारा मिळतात आणि तो बिनतक्रार काम करतो. त्यामुळे संपर्क पूर्ण सुटेपर्यंत चालवणाऱ्याला कसलीच पूर्वसूचना मिळत नव्हती.

दुरुस्ती

रिले आणि दोन्ही लाल वायरी काढल्या. कंपनीच्या वायरची कापलेली टोकं कोरी दिसेपर्यंत मागे छाटली, त्याच जाडीचा तुकडा मध्ये घातला आणि दोन्ही जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली. इथे डाग दिला नाही. डाग दिलेल्या वायरमध्ये कथील तारांमधून आत चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि गाडीच्या थरथरीने जिथे कडकपणा संपतो तिथेच वायर तुटते. चांगल्या पकडीने केलेला क्रिंप गाडीत जास्त टिकतो. पिळून वर चिकटपट्टी मारणं हा प्रकार तर गाडीच्या वायरिंगमधून हद्दपारच व्हायला हवा.

त्याच डब्यासाठी इंडिकेटर आणि दाराच्या स्विचच्या वायरींना मधूनच मारलेले तीन-चार टॅपही (जोडही) त्या गुंडाळीत होते. तेही काढून जोड नीट केले. किल्लीच्या स्विचचा स्वतःचा ड्रॉप मोजला, तो जेमतेम 0.1 व्होल्ट, म्हणून स्विच बदलला नाही. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी सेल्फ मारताना तपासली, ठीक होती. मेन रिले हेअर ड्रायरने तापवून, टकटक करून पाहिला, तोही ठीक. नवा टाकलेला क्रँक सेन्सर आणि पंप बरे काम करत होते, ते तसेच राहू दिले.

जोड झाल्यावर स्विच ते फ्यूज बॉक्स ड्रॉप 0.1 च्या आसपास आला. बल्ब आणि मीटर काढले नाहीत. तशाच अवस्थेत, तशाच तापलेल्या दुपारी, त्याच रस्त्याने आणि त्याच स्पीडब्रेकरवरून पुन्हा ट्रायल घेतली. दोष ज्या परिस्थितीत पकडला त्याच परिस्थितीत तो गेल्याचं दिसल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असं मी धरत नाही. ईसीयूचा बल्ब शेवटपर्यंत स्थिर राहिला. नंतर काही आठवडे बल्ब काकांच्या डॅशबोर्डवरच ठेवले आणि मे संपल्यावर काढले. त्या काळात आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी एकदाही बंद पडली नाही.

माझ्या बिलात सामान म्हणजे वायर, क्रिंप आणि नळी. बाकी सगळी मजुरी, आणि तीही मुख्यतः शोधण्याची. काकांनी ती एका शब्दाचीही घासाघीस न करता दिली. आपल्या शहरात पार्टचे पैसे लोक मुकाट देतात आणि शोधण्याच्या वेळेचे द्यायला कुरकुर करतात, त्यामुळे मेकॅनिकही शोधण्यापेक्षा पार्ट बदलणं पसंत करतो. नाना पेठेत सगळे पार्ट मिळतात. हा दोष मात्र कुठल्याच पार्टात नव्हता.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी किंवा सांभाळणाऱ्यांनी एक गोष्ट बघून घ्यावी. दाराच्या काचेवर जुन्या सिक्युरिटी सिस्टीमचं स्टिकर, डॅशबोर्डवर एखादा न पेटणारा लाल एलईडी, बॉनेटखाली वायर कापलेला सायरन, यातलं काहीही दिसलं तर स्टीअरिंगखालचं कव्हर खोलून इग्निशनच्या वायरवर रिले लटकलेला आहे का ते पाहावं. सापडला तर बंद पडायची वाट न बघता काढून टाकावा.

काकांना दार उघडायला रिमोट अजूनही हवा आहे, कारण हातात पिशव्या असल्या की किल्ली फिरवणं त्यांना जड जातं. दारांच्या मोटरींपुरती नवी सिस्टीम बसवायचं ठरलंय. तिला वीज थेट बॅटरीकडून, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजमधून द्यायची. डब्यातून येणारी इंजिन कटची वायर वापरायची नाही, तिचं टोक बंद करून तशीच सोडायची. जोडणीची आकृती कागदावर काढून त्यांच्या फाइलला लावायची, म्हणजे उद्या गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तरी डॅशबोर्डखाली काय आहे ते त्याला कळेल.